मधलं बटण

मे महिन्यात आमच्या इमारतीची वीज एकदा तरी जातेच. यंदा रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली आणि दुपारी तीनच्या सुमाराला पंखा गरगरत थांबला. माझा मुलगा महेश घरून काम करतो. त्याच्या इंटरनेटच्या डबीखाली एक छोटा यूपीएस आहे, तो ओरडायला लागला. टीं. मग थोडा वेळ गप्प. परत टीं. महेशनं लॅपटॉपचं झाकण पाडलं आणि फोनवर बोलत गॅलरीत गेला. झाकण पाडलं की झालं. मी गवार मोडत बसले होते. हातातली शेंग खाली टाकून मी उठले आणि दोन पावलं त्या आवाजाच्या दिशेनं गेले. तिथं मी बंद करण्यासारखं काही नव्हतं. परत येऊन बसले.

त्या आवाजाला माझे पाय अजून उठतात. बाकी काही उठत नाही.

मुंबईत वीज जात नाही असं लोक सांगतात. ते दादर-परळचे लोक. आमच्या मुलुंडला मध्ये काही वर्षं रोज जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं, ते कापून बायका फ्रिजवर चिकटवायच्या. पिठाची गिरणी त्याप्रमाणे, पाणी भरणं त्याप्रमाणे, दुपारची झोपसुद्धा त्याप्रमाणे. उन्हाळ्यात आमच्या भागाची पाळी दुपारी तीन ते पाच. मी तेव्हा पाचरस्त्याजवळ चष्म्याच्या दुकानावर जो कॉम्प्युटर क्लास होता, तिथं कामाला होते. झाडणं, माठ भरणं, सरांचा चहा, आणि संध्याकाळी मशीन झाकणं. मशीनला तेव्हा अंगरखे असायचे. पडद्याला वेगळा, पेटीला वेगळा, अक्षरांच्या पाटीला वेगळा. प्लॅस्टिकचे, कडेला निळी पट्टी. ते मी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि गच्चीत वाळत घालायची. लहान पोरांची झबली वाळत घातल्यासारखी दिसायची. चपला बाहेर काढायच्या हा नियम होता. देवळातल्यापेक्षा कडक. देवळात कोणी बघत नाही.

मी चौथी पास आहे. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. शाळा संपली तिथं माझंही शिक्षण संपलं. मराठी सगळं वाचता येतं. इंग्रजी येत नाही.

क्लासचे मालक पाटणकर सर. बँकेतून लवकर निवृत्त झालेले, सरळ माणूस, आवाज बारीक. एक ऑफिस बंद झालं, तिथली अकरा जुनी मशीन त्यांनी उचलली होती. पहिले सहा महिने मला मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. मग सरांची कंबर धरली. रोज अकरा वेळा टेबलाखाली वाकणं त्यांना जमेना, तेव्हा त्यांनी मला बंद करायला शिकवलं. फक्त बंद करायला. सुरू ते स्वतः करायचे.

बंद करण्याचा एक क्रम होता आणि तो चुकवायचा नाही. आधी फ्लॉपी काढायची. मग पडद्यावर जे उघडं असेल ते बंद करायचं, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेऊन. मग ते मशीन एक प्रश्न विचारायचं. मधोमध एक चौकोन यायचा, त्यात इंग्रजी ओळ आणि खाली तीन बटणं. मी घाबरले. सर म्हणाले, "बाई, ते विचारतंय, ठेवू का? मुलांनी दिवसभर बडवलेलं हे सगळं ठेवू का, म्हणून. आपल्याला जागा नाही. आपण म्हणायचं, नको. पहिलं बटण हो, मधलं नको, शेवटचं म्हणजे थांब जरा. तुम्ही मधलंच दाबायचं."

मग खाली डाव्या कोपऱ्यात जायचं. तिथं जो शब्द होता त्याचा अर्थ सुरू. बंद करायला सुरू दाबायचं. मी सरांना म्हटलं, हे म्हणजे घराबाहेर पडायला आधी माजघरात जाण्यासारखं झालं. सर म्हणाले, ज्यांनी केलंय त्यांना पत्र लिहा. मग वाट पाहायची. पडदा काळा व्हायचा आणि मधोमध नारिंगी अक्षरं यायची. त्याचा अर्थ, आता बंद केलंत तरी धोका नाही. ती अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण माणसाला चालीवरून ओळखतो तशी ओळखायची. ती आल्याशिवाय खटका दाबला तर आतली तबकडी ओरखडते, असं सर सांगायचे. खरं होतं की नाही देव जाणे. अक्षरं आली की पेटीचा खटका, मग पडद्याचा, मग यूपीएसचा, शेवटी भिंतीवरचा. मग अंगरखा.

सगळ्यात आधी माझ्या मुलीनं माझी यावरून टिंगल केली. वैशाली. मी तिथं कामाला म्हणून सरांनी तिला फुकट शिकायला घेतलं होतं. बी.ए. होऊन बसली होती, सरकारी नोकरीसाठी मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. चार नंबरवर बसायची, कारण ते बरोबर पंख्याखाली. एकदा सरांनी दोन बिघडलेली मशीन काढून त्यांच्या जागी दोन नवी आणली. मी क्रमानं सगळं केलं, पडदा काळा झाला आणि मशीन गपकन झोपलं. नारिंगी अक्षरं नाहीत. मला वाटलं बिघडलं. मी खटका दाबून ते पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा बंद केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायला गेले तेव्हा वैशाली मागे उभी राहून हसत होती.

"अगं आई, हे शहाणं आहे. हे आपलं आपण झोपतं."

"न सांगता?"

"हो गं, न सांगता. नव्याला सांगावं लागत नाही."

मला ते आवडलं नव्हतं. जाताना काहीतरी कळवावं.

त्या मे महिन्याचं मला काय आठवतं, तर आवाज आणि वास. परीक्षा जूनच्या सुरुवातीला होती, त्यामुळे सकाळी सातपासून बॅचा. अकरा पाट्यांवर अकरा जणांची बोटं, पत्र्यावर वाल सांडल्यासारखी. गरम प्लॅस्टिकचा वास. मुलींच्या मानेवरची पावडर. दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि खाली गाडीवरून आणलेली तिखटमीठ लावलेली कैरी, जी आत आणायला बंदी होती आणि सगळे आणायचे. पावणेतीनला मी टाळी वाजवायची. मुलं उठून जायची. पंधरा मिनिटांत मी अकराच्या अकरा मशीन झोपवायची आणि तीनला वीज जायची. एकदाही चूक झाली नाही. माझ्या हातून जी कामं झाली त्यात हे एक काम मी अगदी बरोबर केलं.

त्याच महिन्यात वैशालीचं लग्न ठरलं होतं. कणकवलीकडचा मुलगा, स्वतःची रिक्षा, मागे काजूची झाडं. मुलगा वाईट नव्हता. त्याचं नाव आता मला आठवत नाही. वैशालीला नको होता. तिला नितीन हवा होता. नितीन मानखुर्दहून सरांची मशीन दुरुस्त करायला यायचा, स्क्रूड्रायव्हर खिशाला लावून, कमी बोलणारा. त्याची जात वेगळी होती आणि आमच्यात ते चालत नव्हतं. आताही फारसं चालत नाही, फक्त तोंडानं बोलत नाहीत. ती मला चार वेळा सांगायला आली. पहिल्या तीन वेळा मी ऐकलं नाही. चौथ्या वेळी लाटण्यानं मारलं. लिहायला बरं वाटत नाही, पण मारलं.

त्यानंतर ती बोलली नाही. आठवडाभर सकाळी डबा उचलून "येते" म्हणायची आणि जायची. शेवटच्या दिवशीसुद्धा "येते" म्हणूनच गेली.

त्या दिवशी वीज वेळेआधी गेली. अडीच वाजता. सर बाहेर गेले होते. मी माठ घासत होते, वैशाली चार नंबरवरून उठून कधी गेली ते मला दिसलं नव्हतं. आत अकरा यूपीएस एकदम ओरडायला लागले, प्रत्येकाचा सूर वेगळा, ताल वेगळा. मुलं वैतागून उठली आणि कैरी खायला खाली पळाली. यूपीएस वीस मिनिटं धरायचा. शेवटी शेवटी तो न थांबता ओरडतो आणि मग मशीन मरतं. मी पदर खोचून एक नंबरपासून सुरुवात केली. एक. दोन. तीन.

चार नंबरवर मराठी अक्षरं होती. सरावाला दिलेला उतारा असेल असं वाटलं, तो नेहमी तोच असायचा, शेतीवर. पण वर लिहिलं होतं, आई. मी खुर्चीवर बसले. त्या खुर्च्यांवर मी कधी बसत नसे.

तिनं लिहिलं होतं की तू हे वाचशील तेव्हा मी गेलेली असेन. बोलले तर तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. तू प्रत्येक मशीन बघून बंद करतेस, हे मला माहीत आहे, म्हणून इथं लिहिते. मला त्या लग्नाला उभं राहायचं नाही. नितीनबरोबर जाते आहे. बाबांना सांगायचं काम तुझ्यावर टाकते, त्याची माफी मागत नाही, तूही लाटण्याची मागितली नाहीस. माझ्यावर राग धर, पण

एवढंच. पडदा तिथं संपला.

मी ते दोनदा वाचलं. पाच मिनिटं गेली असतील, कमीही असतील. यूपीएस ओरडत होते. मला वाटलं, 'पण' म्हणून तिनं सोडून दिलं. आमच्या घरात बरीच बोलणी पणवर थांबतात. माझ्या नवऱ्याची तर सगळीच. मी बाण कोपऱ्यातल्या फुलीवर नेला. चौकोन आला. ठेवू का?

सवयीनं मधलं बटण दाबलं असं मी सांगू शकते. सगळ्यांना पटेल. पण त्या दिवशी मी थांबले होते. तिन्ही बटणांकडे बघितलं. कोणतं काय हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सर हे वाचतील, मुलं वाचतील, आणि पाचरस्त्यापासून आमच्या चाळीपर्यंत बातमी माझ्याआधी पोचेल, हेही डोक्यात आलं. मग मी मधलं दाबलं. नारिंगी अक्षरं आली. खटका बंद केला. अंगरखा घातला. मग उरलेली सात मशीन बंद केली, क्रमानं. शेवटचं बंद केलं तेव्हा खोलीत एकही आवाज नव्हता. मला रडू आलं नाही. मी राहिलेला माठ घासला.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की वैशू गेली, नितीनबरोबर. ते गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनची नोकरी करत होते, रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "गेलां तां गेलां. आता त्येचो इषय नको." आणि कामावर गेले. तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. कणकवलीला मी महेशकडून पत्र लिहून घेतलं. शेजारणी आल्या, बसल्या, चहा प्यायल्या. प्रत्येकीला मी एकच सांगितलं. मुलीनं पत्ता पण ठेवला नाही. जाणारीनं निदान पत्ता ठेवावा. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की ते माझंच झालं. जात, लग्न, गावातली बोलणी, हे सगळं दोन-तीन वर्षांत झिजलं. पत्त्याचं झिजलं नाही. तेवढं मी धरून ठेवलं.

पत्र वाचल्याचं मी कोणालाच सांगितलं नाही.

क्लास पुढे बंद पडला. सरही गेले. लोडशेडिंग थांबलं, चाळीच्या जागी इमारत झाली. नवरा वारला तेव्हा महेशनं कुठून तरी वैशालीचा नंबर शोधून तिला कळवलं. दहाव्याला ती आली. केस मधून पांढरे झालेले. दारालगत बसली, पाणी प्यायली, निघाली. मी तिला थांब म्हटलं नाही. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांतून तिचा फोन येतो. ती आता बोरिवलीला असते. मुलुंड आणि बोरिवली यांच्या मध्ये एक डोंगर आहे, बस्स. मी तिच्या घरी गेलेली नाही. तिनं ये म्हटलं नाही, मी येऊ का म्हटलं नाही. फोनवर आमचं ठरलेलं बोलणं आहे. जेवलीस का. जेवले. गुडघा. आहे तसाच. पाणी येतं का. येतं. मग ती विचारते, "ठेवू का?" मी म्हणते, "ठेव." दोन मिनिटं लागतात. तीन नाही.

महेशनं मला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. त्यावर मी फोटो बघते, भजन लावते. मागच्या महिन्यात सोसायटीची पाण्याच्या टाकीबद्दल नोटीस आली. सून म्हणाली, आई वाचा आणि काय ते सांगा. मी वाचलं. टाकी दुरुस्त करायची आहे, सर्व सभासदांना विनंती की. एवढंच होतं. मी फोन परत दिला आणि म्हटलं, अर्धवट लिहिलंय, पुढे काही नाही.

सून कणीक मळत होती. तिनं कोपरानं दाखवलं.

"आई, खाली आहे अजून. बोटानं वर ढकला."

मी ढकललं. खाली अजून होतं. बरंच होतं. रविवारी बैठक, किती वाजता, कुठे, सगळं. मी पुन्हा वर केलं, पुन्हा खाली केलं. कागद संपतो तिथं संपतो. पडदा संपला म्हणजे लिहिलेलं संपत नाही. हे सहा वर्षांच्या पोराला माहीत असतं. मला बहात्तराव्या वर्षी कळलं. सरांनी मला फक्त बंद करायला शिकवलं होतं. खाली जायला शिकवलं नव्हतं, कारण बंद करणाऱ्याला त्याची गरज नसते.

सुनेनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, रविवारी बैठक आहे.

मग काही दिवस मी नेहमीसारखीच होते. जेवले, झोपले, औषध घेतलं. डोक्यात फक्त तो 'पण' होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो तिथं संपला. आता कळलं की त्याच्या खाली काहीतरी होतं आणि ते मी मधलं बटण दाबून घालवलं. ते काय होतं हे एकट्या वैशालीला माहीत होतं. शिव्या असतील, असं मी धरून चालले. शिव्याच बऱ्या.

वीज गेली त्या दिवशी ती केबल जोडायला संध्याकाळ झाली. महेशचा यूपीएस कधीच मेला होता. सहा वाजता वैशालीचा फोन आला. तिच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला होता, चांगला. मी बरं झालं म्हटलं. जेवलीस का. जेवले. गुडघा. तसाच. पाणी येतं का. आज नाही, वीज नाही म्हणून. तेवढ्यात मी विचारून टाकलं.

"त्या दिवशी चार नंबरवर तू लिहिलं होतंस. त्यात पणच्या खाली काय होतं?"

तिच्याकडे कुकर शिजत होता, त्याची शिटी झाली. मग ती म्हणाली, "म्हणजे?"

"मी पणपर्यंतच वाचलं. खाली जाता येतं हे मला माहीत नव्हतं. मला बंद करता यायचं तेवढंच."

"आई, आता खोटं नको बोलू."

"खोटं बोलून मला काय मिळणार आता."

दुसरी शिटी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"खाली पत्ता होता," ती म्हणाली.

वाकोल्याचा पत्ता. चाळीचं नाव, खोली नंबर, पिठाच्या गिरणीच्या बाजूनं वर ये, असं. आणि रविवारी ये, इथं येतेस हे बाबांना नको सांगू, तू एकटी ये. दुसऱ्या दिवशी तिनं बूथवरून सरांना फोन करून विचारलं होतं, आईनं सगळी मशीन बघितली का. सर म्हणाले होते, वीज आधी गेली तरी बाईंनी एकूण एक मशीन नीट बंद केलं, त्यांच्या हातून कधी चूक होत नाही. त्यामुळे मी वाचलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. रविवारी तिनं ओल्या काजूची उसळ केली होती. खोलीत एकच बर्नर होता, नारळ खवायला शेजारून विळी आणली होती. मी आले नाही. सोमवारी ती उसळ नितीन डब्यात घेऊन गेला. हे सगळं तिनं सरळ सांगितलं, निकाल सांगितला त्याच आवाजात. ती माझ्यासारखीच आहे.

मला काही वाटलं नाही असं नाही. काय वाटलं ते कळलं नाही. उकाडा भयंकर होता. समोर भिंतीवर विजेचे खटके, सगळे खाली पाडलेले, मीच पाडले होते, वीज परत येताना झटका नको म्हणून. पत्ता ठेवला नाही, हे वाक्य तोंडाशी सवयीनं आलं आणि त्याला जायला जागा नव्हती.

तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. बोरिवलीला पंखा चालू होता, त्याचा आवाज मला येत होता.

मग नेहमीसारखं तिनं विचारलं, "ठेवू का?"

मी म्हटलं, "नको."